रुसलेल्या पोटांचे डॉक्टर

इंगळे डॉक्टरांचं नाव निघालं की आमच्या हॉस्पिटलातली जुनी माणसं अजून दात काढतात. "तो करंटवाला," म्हणतात. "पोटाला झटके देणारा खवीस." परवा एका लग्नाच्या पंगतीत आमच्याच एका निवृत्त कारकुनानं हा विषय काढला आणि शेजारचे चौघे खो खो हसले. मी हातातला घास ताटात टाकला नि उठलो. बायको म्हणाली, "अहो, लोक बघतायत." बघू देत की. ज्यांना त्या माणसाच्या नखाची सर नाही त्यांनी फिदीफिदी हसायचं आणि मी मुकाट बासुंदी ओरपायची, हे मला जमत नाही.

म्हणून हे लिहायला बसलोय. रागात माणसानं लिहू नये म्हणतात. पण माझा राग काही उतरायचा नाही, मग वाट किती बघायची?

मी मूळचा खानापूरचा, बेळगावच्या खालच्या अंगाचा. बेंगळुरूच्या त्या हॉस्पिटलात इलेक्ट्रिक मेकॅनिक म्हणून लागलो. पंखे, लिफ्ट, अवजारं उकळायची भांडी, ऑपरेशनचा मोठा दिवा, जिथं वीज तिथं मी. लागल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी एक ठेंगणा, जाड मानेचा माणूस बॉयलरशेजारच्या माझ्या खोलीत घुसला आणि दिवा लुकलुकतो म्हणून कन्नडमध्ये माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. मला तेव्हा कन्नड येत होतं, पण घाबरून तोंडातून मराठी निघालं. तो गप्प झाला. "मराठी काय रे तू? मग आधी बोलायचं ना. एवढ्या शिव्या वाया घालवल्या मी," म्हणाला, आणि त्याच शिव्या मराठीत पहिल्यापासून दिल्या.

हे सर्जन इंगळे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत. चिकपेटेत कपडे शिवायचं दुकान होतं, वडील, आजोबा सगळे शिंपीकाम करणारे. घरात मराठी बोलायचे, पण ते मराठी आमच्याकडचं नव्हे. दर वाक्यात एक "स्वल्प", दर वाक्याच्या शेवटी एक "सरी". स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक. डॉक्टरांच्या तोंडी कौतुकाचा तेवढाच शब्द होता. ऑपरेशन कितीही देखणं होवो, "सरी" म्हणायचे नि हात धुवायचे. बाकी सगळा वेळ ओरडणं. सिस्टरवर, वॉर्डबॉयवर, शिकाऊ डॉक्टरांवर, पेशंटवर, पेशंटच्या सासूवर. ते जिन्यात आहेत हे वॉर्डाला त्यांच्या आवाजावरून कळायचं, आणि माणसं खाटेवर सरळ होऊन बसायची.

पण ओरडता ओरडता हा माणूस काय करायचा बघा. पेशंटच्या पोटाला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे कोटावर घासून गरम करायचा. डिसेंबरात तर घासतच राहायचा. तोंडानं "गाढवासारखा पडून काय राहिलायस, गुडघे वर घे" चालू आणि हात मात्र चांगला ऊबदार झाल्याशिवाय पोटाला टेकायचा नाही. एकदा मी पंख्याला तेल घालत शिडीवर होतो, तेव्हा हे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांच्या शिव्या मला लागेनाशा झाल्या. वॉर्डातल्या लोकांना मात्र तो हात दिसायचा नाही, फक्त तोंड ऐकू यायचं. दोष त्यांनाही देता येत नाही.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. पेशंट लपवाछपवी करायला लागला की म्हणायचे, "खोटं बोलायचंय तर वकिलाकडं जा. माझ्याकडं पोट आणलंयस."

आता यंत्राचं सांगतो. ऑपरेशन झाल्यावर काहींचं पोट रुसतं. हा शब्द त्यांचाच. जठर हलायचंच बंद होतं. आतलं पाणी, पित्त पुढं सरकत नाही, तिथंच साठतं आणि पोट तट्ट फुगतं. मग नाकातून नळी घालून ते हिरवट पाणी खाटेखालच्या बाटलीत उतरवायचं. बाटली भरतेय म्हणजे पोट अजून रुसलेलं. बाटलीत काही येईनासं झालं म्हणजे पोट कामाला लागलं, आता नळी काढा, पेज द्या. बहुतेकांचं पोट आपोआप ताळ्यावर येतं. काहींचं येतच नाही, आणि असा माणूस दिवसेंदिवस सुकत जातो. डॉक्टरांना हे असं मरण सहन व्हायचं नाही. "शिवण उत्तम आणि गिऱ्हाईक मेलं," म्हणायचे. "आमच्या बापानं असा सदरा शिवला असता तर आज्यानं त्याला दुकानातून हाकलला असता."

एकोणीसशे साठच्या पुढची ती वर्षं. परदेशात कुठं तरी नळीच्या टोकाला तार लावून पोटात बारीक करंट सोडतात, म्हणजे जठर हलायला लागतं, असं त्यांच्या वाचनात आलं. ते माझ्या खोलीत आले आणि स्टूल ओढून बसले.

"काटकर, असं यंत्र करशील?"

"डॉक्टर, माणूस मरेल."

"तसाही मरतोयच की. तू स्वल्प करंट दे. मुंगी चावल्यासारखा."

आम्ही ते केलं. एका बंद पडलेल्या रेडिओचा लाकडी डबा घेतला. वीज भिंतीतून घ्यायची नाही, सुके सेलच वापरायचे, हा माझा हट्ट आणि तो त्यांनी मानला. एक बटण, करंट कमीजास्त करायला. एक छोटा दिवा, प्रत्येक झटक्याला लुकलुकणारा. खेळणं वाटावं असं दिसायचं. पण त्यातला करंट नेमका किती ठेवायचा यावर आम्ही महिनोन्‌महिने भांडलो, आणि मी सांगतो, हॉस्पिटलात त्यांच्याशी भांडायची मुभा फक्त मला होती. कारण वायरीचं त्यांना कळत नव्हतं आणि हे ते उघड कबूल करायचे.

पहिल्यांदा नळी कुणी गिळायची? मी म्हटलं, मी गिळतो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरलो. "तुझं पोट माझ्या ताब्यात नाही," म्हणाले. माझ्याच स्टुलावर बसून, डोळ्यांतून पाणी काढत, ओकारी दाबत त्यांनी ती तारेची नळी नाकातून आत घेतली. मग हातानं खूण केली. मी बटण फिरवलं. दिवा लुकलुकला आणि डॉक्टरांचा चेहरा वाकडा झाला. त्यांनी तसंच स्टेथोस्कोप स्वतःच्या पोटाला लावला, ऐकलं, आणि नाकात नळी असताना मराठी, कन्नड, तमिळ अशा तिन्ही भाषांत एकेक शिवी हासडली. मी घाबरून बटण बंद केलं. ते खेकसले, "बंद का केलंस? बोलतंय ते." तो माणूस त्या दिवशी जेवढा खूश होता तेवढा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मग ते यंत्र वॉर्डात गेलं. स्टेथोस्कोपमधून गुडगुड ऐकू यायची, पण ती करंटनं होतेय की आपली आपण, हे ठरवता यायचं नाही. सगळा भरवसा बाटलीवर. सकाळी सिस्टर बाटली मोजायच्या, मागून डॉक्टर राऊंडला यायचे. बाटली भरलेली दिसली की खाटेच्या पायथ्याशी उभे राहून गरजायचे, "का भरली? कुणी कॉफी पाजली? कुणी, ते सांग." त्यांचा संशय खोटा नव्हता हो. आमच्या लोकांना उपाशी माणूस बघवत नाही, डॉक्टरची पाठ वळली की तोंडात चमचाभर कॉफी घालतातच. पण ज्यानं घातली नाही त्यालाही तेवढंच ऐकावं लागायचं. आणि बाटली रिकामी असली की? "सरी." बस्स, पुढच्या खाटेकडं.

यंत्र लावलेल्या पेशंटांच्या बाटल्या भराभर कमी व्हायला लागल्या. सिस्टर थक्क, शिकाऊ डॉक्टर थक्क. सुपरिंटेंडेंट साहेब, जे आधी या डब्याकडं बघून नाक मुरडायचे, ते आता पाहुण्यांना घेऊन वॉर्डात यायला लागले. दिल्लीहून कुणी बडे अधिकारी येणार, त्यांना यंत्र दाखवायचं ठरलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांचा आवाज मात्र आणखी चढला. खूश झाले की ते असेच वागायचे.

त्यात सुमित्राबाई आल्या. यशवंतपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या गणपतरावांची बायको, तिशीची. जठरात जुनी जखम, त्याचं ऑपरेशन. ऑपरेशन छान झालं आणि पोट रुसलं. नळी घातली, यंत्र लावलं. पहिल्या दिवशी बाटली भरली, डॉक्टर गणपतरावांवर तुटून पडले. सरळ माणूस, मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतरचे दोन दिवस बाटलीत अगदी थोडं पाणी दिसलं. डॉक्टर म्हणाले, "सरी, नळी काढा. पेज द्या."

दुपारी सुमित्राबाईंना भडाभडा उलटी झाली. एवढं पाणी कुठून आलं म्हणून सिस्टर चक्रावल्या. बाई अशक्त, उताणी पडलेली, ते पाणी छातीत उतरलं. डॉक्टर धावत आले, स्वतः नळी घातली, छातीतलं पाणी ओढलं, काय काय केलं. संध्याकाळच्या आत बाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी गणपतराव आले. आम्हाला वाटलं, भांडायला आले. मी तेव्हा यंत्र तपासायला वॉर्डातच होतो, करंटनं काही झालं का या धास्तीनं एकेक वायर पुन्हा पुन्हा बघत होतो. ते आले आणि डॉक्टरांच्या पायावर पडले.

"डॉक्टर, माफ करा. बाटली मी ओतत होतो."

डॉक्टरांना कळेना. "कसली बाटली?"

"सकाळी सिस्टर मोजायला यायच्या आधी मोरीत ओतायचो. थोडं ठेवायचो तळाला. भरलेली दिसली की तुम्ही रागवता. ती आधीच घाबरलेली होती हो. म्हटलं, तिला बोलणी नकोत."

डॉक्टरांनी त्यांना उठवलं. मग फार हळू आवाजात विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

गणपतरावांनी शेजारच्या खाटेकडं पाहिलं. त्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलानं सांगितलं होतं. त्याला आधीच्या पेशंटच्या माणसांनी सांगितलं होतं. गरम पाणी कुठं मिळतं, दूधवाला कधी येतो, तसं हेही नव्या माणसाला सांगायची वॉर्डात रीतच पडली होती: सकाळी राऊंडच्या आधी बाटली हलकी करा, म्हणजे साहेब ओरडत नाहीत. डॉक्टर एकेका खाटेजवळ गेले आणि विचारत राहिले, "तूही? तूही?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक बाई रडायला लागली. म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी एवढं यंत्र आणलं डॉक्टर, त्याला यश नाही असं तुम्हाला कसं दाखवायचं?"

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ही कसली माया, हा कसला आदर? ज्याच्या हातात जीव दिलाय त्यालाच आंधळा करून ठेवायचं? आणि सगळ्यात चीड याची की कुणाच्याच मनात पाप नव्हतं. पाप असतं तर निदान धरून बडवता तरी आलं असतं. डॉक्टरांनी यंत्र उचललं, माझ्या हातात दिलं आणि जिना उतरून गेले. त्या जिन्यात त्यांचा आवाज ऐकू आला नाही असा तो पहिला दिवस.

खरी कमाल पुढं आहे. सुपरिंटेंडेंट साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मला यंत्रासकट बोलावलं होतं म्हणून मी दाराशी उभा होतो. साहेब म्हणाले, "इंगळे, झालं ते वाईट झालं. पण बाटलीचा विषय बाहेर नको. पाहुणे येतायत. यंत्र दाखवा, चांगले झालेले पेशंट दाखवा."

"चांगले कशानं झाले ते मला ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले.

"पाहुण्यांना तेवढं खोलात जायचं नसतं."

"मला जायचं असतं."

ठरल्या दिवशी हॉल भरला. यंत्र टेबलावर, हार घालायचा तेवढा बाकी. डॉक्टर उभे राहिले आणि सरळ सांगून टाकलं की हे यंत्र चालतं की नाही हे मला माहीत नाही, कारण माझ्या धाकानं नातेवाईक बाटल्या ओतत होते. त्या बाटल्यांवर विसंबून मी नळी काढली आणि एक बाई गेली. मला पुन्हा पहिल्यापासून हे काम करायचंय, या वेळी बाटलीवर पहारा ठेवून. मग पुढच्या रांगेतले एक मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे इंगळे, तुमचं यंत्र पोट रिकामं करत नाही, बाटली रिकामी करतं." आणि अख्खा हॉल हसला. पाहुणे हसले, साहेब हसले. त्या पंगतीतला आमचा कारकून तेव्हा मागच्या रांगेत बसून हसला होता.

एक माणूस शंभर लोकांसमोर उभं राहून आपली चूक आपल्या तोंडानं सांगतो, आणि तुम्हाला हसू येतं. मेलेल्या बाईचं काय, तिचं तर कुणी नावही विचारलं नाही. साहेबांनी यंत्रावर बंदी घातली. पहारा ठेवून पुन्हा करून बघायचं राहिलंच. ते चाललं असतं की नाही, देव जाणे. आणि या गोष्टीचा मला आजही जो संताप येतो तो येतोच. चाललं नसतं तरी चाललं असतं, पण कळायला तर हवं होतं.

डॉक्टरांनी त्याच वर्षी नोकरी सोडली. जयनगरात घर बांधलं होतं, तिथं पुढच्या खोलीत पेशंट बघायला लागले. मी अधूनमधून जायचो. आणि तिथं मला जो माणूस दिसायचा तो मला पसंत नव्हता. हळू बोलायचे. "बरं, बरं, होईल हळूहळू," म्हणायचे. कुणी औषध चुकवलं तरी आवाज नाही. लोक म्हणायचे, डॉक्टर किती बदलले, अगदी देवमाणूस झाले. मला तो देवमाणूस बघवायचा नाही.

शेवटचा गेलो तो एका रविवारी सकाळी. व्हरांड्यात दोन पेशंट बसलेले. मला आत घेतलं, दार लोटलं. इकडचं तिकडचं झालं आणि एकदम म्हणाले, "काटकर, एक विचारू? ती बाई माझ्यामुळं गेली ना?"

मला ठाऊक होतं, हे त्यांनी सगळ्यांना विचारलेलं. बायकोला, भावाला, जुन्या सिस्टरना, गणपतरावांना सुद्धा. सगळ्यांचं एकच, "नाही डॉक्टर, तुमचा काय दोष? आयुष्यच तेवढं होतं." मीही तेच म्हणणार होतो, शब्द तोंडाशी आले होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि माझं डोकं सटकलं.

"होय," मी म्हटलं. "तुमच्यामुळं. एकट्या तुमच्यामुळं नाही, पण तुमच्यामुळं. तुम्ही त्या भल्या माणसावर कुत्र्यासारखे भुंकला नसता तर त्यानं बाटली ओतली नसती. बाटली भरलेली दिसली असती, नळी राहिली असती, ती जगली असती."

त्यांच्या मानेवरची शीर हळूहळू वर आली. मग टेबलावर हात आपटून असे ओरडले की काय सांगू.

"मग इतकी वर्षं काय झोपला होतास, गाढवा? येतोस, कॉफी ढोसतोस, जातोस. अजून सगळे मला ओतलेली बाटलीच दाखवतायत. तूसुद्धा?"

"तुम्ही मला विचारलंत कधी?" मीही ओरडलो. "दुनियेला विचारलंत, मला विचारलंत?"

"तुला विचारायला भ्यायलो मी. तू खरं बोलशील म्हणून."

दार उघडून शांताक्का, म्हणजे त्यांची बायको, आत आल्या. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढणार. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. "अहो, सावकाश," असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. नुसत्या ऐकत होत्या, डोळ्याला पदर लावून. व्हरांड्यातला एक पेशंट उठून निघून गेल्याचं मला खिडकीतून दिसलं.

मी म्हटलं, "जाऊ द्या डॉक्टर. त्या बाईंचं आता..."

"बाई काय, बाई?" ते कडाडले. "नाव होतं तिला. सुमित्रा. म्हण."

"सुमित्रा," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडायला लागले.